पियानोच्या नावातलं अर्धं

"पण मास्तर, नावातलं 'फोर्ते' गेलं कुठे?"

निरंजन विचारत होता. पास्कल मास्तर पाचगणीच्या शाळेतला जुना पियानो उघडून आत वाकले होते. मुलांना वाजवायला शिकवण्यात आणि तारा सुरात लावण्यात त्यांची हयात गेली. निरंजन त्यांचाच शिष्य, आता मोठमोठ्या सभागृहांत वाजवणारा. बारा वर्षांनी उगवला होता, तोही मास्तरांनी एकदा 'शाब्बास' म्हणावं म्हणून!

आल्या आल्या त्याने असा काही गडगडाट केला, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मास्तरांनी 'शाब्बास' काही म्हटलं नाही. उलट नावाचीच गोष्ट सांगत बसले.

"आधीच्या वाद्यात बोट कसंही दाबा, आवाज तेवढाच. मग इटलीतल्या एका कारागिराने हे केलं. पियानो म्हणजे हळू, फोर्ते म्हणजे जोरात. दोन्ही जमतं, म्हणून पियानोफोर्ते. पुढे लोकांनी बोलता बोलता अर्धं गाळलं."

"गाळायचं तर 'हळू' गाळायचं होतं!" निरंजन हसला. "टाळ्या काय, जोरातल्यालाच पडतात."

"पडतात खऱ्या."

मास्तरांनी खिशातून जाड लोकरी पट्टी काढली. एका सुराला तीन तारा. तार लावताना करतात तसं त्यांनी कडेच्या दोघींना पट्टीने दाबून गप्प केलं.

"आता वाजव. हळू."

निरंजनाने बोट ठेवलं. मधल्या तारेचा बारीकसा सूर निघाला… थोडा वेळ राहिला… आणि गेला.

त्याने हात मागे घेतला.

"का रे? दमलास?"

"हळू वाजवलं की घर ऐकू येतं, मास्तर." "बायको जाऊन आठ महिने झाले. घर खायला उठतं. कुणाला सांगू? म्हणून नुसता धडाधडा वाजवत सुटतो."

बाहेर सिल्व्हर ओकची पानं तेवढी सळसळत होती.



"ती पट्टी काढा ना, मास्तर. एकटी तार नाही ऐकवत मला."

मास्तरांनी पट्टीला हात लावला नाही. तारा पिळायची किल्ली त्यांनी निरंजनाच्या हातात ठेवली आणि त्याची मूठ मिटली.

"आधी हिला सुरात लाव. बाकीच्या दोघी थांबतील."