लंघन कशाचे?

गोदाकाठच्या कोळनेर गावी धोंडगिरी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट. ऐन उन्हाळ्यात गावात जुलाबांची साथ आली आणि भिवरा कोष्टिणीचे पोर, येसू, अंथरुणाला खिळले.

गावचे वैद्य दाजीशास्त्री. विद्वान खरे, पण विद्येपेक्षा ताठा मोठा. त्यांनी हुकूम सोडला, "लंघन! पोटात काही गेलं की जुलाब वाढतील. पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही."

पोर पाण्यासाठी रडून थकले, मग रडायचेही थांबले. तेव्हा मात्र भिवरेचा धीर सुटला. त्याला खांद्यावर टाकून तिने महाराजांच्या मठाची वाट धरली. शास्त्रीबुवा आडवे आले.

"काय गं, औषध सोडून अंगाऱ्याच्या नादी लागलीस? पोर दगावलं तर पाप तुझ्या माथी."

भिवरा तशीच पुढे चालत राहिली. शास्त्रीबुवा गंमत पाहायला मागोमाग गेले.

महाराजांनी पोराला मांडीवर घेऊन कपाळावरून हात फिरवला. पाहता पाहता महाराजांचेच डोळे खोल गेले, ओठ सुकले. काय ती करुणा! लेकराची तहान त्यांनी आपल्या अंगावर घेतली होती.

"शास्त्रीबुवा, आमची नाडी पाहा बरं," महाराज क्षीण आवाजात म्हणाले.

नाडी बोटांखालून निसटत होती. चिमटीत धरलेली कातडी सोडली तरी तशीच उभी राहिली. शास्त्रीबुवा घाबरले.

"महाराज, आधी पाणी घ्या. अंगातलं पाणी आटलंय. उशीर झाला तर हाती काही राहणार नाही."

"पण लंघन आहे ना?"

"लंघन अन्नाचं असतं, महाराज. पाण्याचं कुठलं?"

बोलून गेले आणि शास्त्रीबुवांची नजर पोराच्या सुकल्या ओठांकडे गेली.

"मग आमच्याआधी याला पाजा," महाराज म्हणाले.

शास्त्रीबुवांनी पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ कालवले, पोराला मांडीवर घेतले आणि पळीने पाजू लागले. पहिला घोट ओठांतून बाहेर ओघळला. भिवरेने डोळे मिटून घेतले. दुसरा घोट पोराने गिळला. हळूहळू ते पळी चाटू लागले, तशी महाराजांच्या ओठांवर ओल आली. महाराजांनी तर पाण्याला हातही लावला नव्हता.

ऊन कलताना पोराने शास्त्रीबुवांच्या सोवळ्यावर धार धरली. भिवरा ओशाळून त्याला उचलायला धावली.

"राहू दे, माय," शास्त्रीबुवा म्हणाले. "पोराला लघवी झाली, म्हणजे अंगात पाणी परतलं. वाचलं तुझं लेकरू."

पोराला तिच्या ओटीत देऊन त्यांनी तशाच ओल्या सोवळ्यानिशी आधी त्या माउलीला हात जोडले आणि मग महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.