पेंडीचे पाणी

कोकणातल्या एका गावी राहणारे एक वृद्ध गुरुजी एकदा पंधरा दिवसांसाठी लेकीकडे निघाले. जाताना त्यांनी अंगणातली अनंताची कुंडी निनाद नावाच्या शिष्याच्या हवाली केली. दिवंगत पत्नीने स्वतःच्या हातांनी लावलेले ते शेवटचे झाड. यंदा त्याला प्रथमच तीन कळ्या आल्या होत्या.

"आठवड्यातून एकदाच पेंडीचे पाणी. आणि त्यात दहापट साधे पाणी मिसळ," गुरुजींनी बजावले. शेंगदाण्याची पेंड चार दिवस भिजवून ते घरीच हे खत करीत.

निनादला ते प्रमाण कंजूषपणाचे वाटले. गुरुजी परतणार होते त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकूंचे, म्हणजे गुरुजींच्या पत्नीचे, वर्षश्राद्ध होते. त्या दिवशी तिन्ही फुले उमललेली असावीत, एवढाच त्याला ध्यास. तो रोज तांब्याभर दाट खत तसेच मुळाशी ओतू लागला. पानांच्या कडा करपल्या, तेव्हा झाड उपाशी आहे असे समजून त्याने दोन तांबे ओतले.

गुरुजी आले तेव्हा कळ्या मातीत पडल्या होत्या. उन्हात उभ्या शिष्याला त्यांनी पेलाभर कोकमाचे आगळ आणून दिले. पहिल्याच घोटाला निनादला ठसका लागला.

"गुरुजी, पाणी घालायला विसरलात! नुसते खारट आहे."

"अस्सल आहे रे. पातळ कशाला करू? आणखी घे."

"घसा जळतोय हो! आधी पाणी द्या."

गुरुजींनी तांब्या पुढे केला. "तुला मागता आले. झाडाने पाने करपवून पाणी मागितले आणि तू त्याला भूक समजलास. खत वाईट नव्हते, तुझी मायाही खोटी नव्हती. पण मुळांना पेलेल तेवढेच द्यायचे असते, बाळा. आपल्याला द्यावेसे वाटते तेवढे नाही."

"आता साधे पाणी घातले तर जगेल?"

गुरुजींनी नखाने खोड खरवडले. आत हिरवे काहीच उरले नव्हते.

"तुला रागावू कसा?" ते हळूच म्हणाले. "तिच्या आजारपणात ती नको नको म्हणत असताना मीही एकेक घास जास्तच भरवत होतो."

निनादने मान खाली घातली. त्याने त्या तीन कळ्या वेचल्या आणि गुरुजींच्या ओंजळीत ठेवल्या.

आपल्या मायेला फार घाई असते. ओतण्यापूर्वी तिने एकदा पानांकडे पाहावे.