तापलेली तार

गाड्यांची स्टेअरिंगं विजेवर फिरू लागली, त्या काळातली ही गोष्ट. भिवसेनच्या पिकअपमध्ये एक मोटर होती. स्टेअरिंग वळवताना ती त्याच्या हातांना जोर द्यायची.

दसऱ्याला भिवसेननं बॅटरीच्या तारा काढून गाडी लखलखीत धुतली, तारा परत जोडल्या, हार घातला. दुसऱ्या दिवसापासून घाटातल्या वळणांवर स्टेअरिंग जड होऊ लागलं.

"मोटर गेली. नवी बसवू," तो म्हणाला.

मोटरनं ते ऐकलं. ती बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या अर्थिंगच्या तारेला म्हणाली, "म्हातारी झाले असेन मी. नवी येईल तिला एवढं सांग, धन्याचा उजवा खांदा दुखतो. वळणावर जरा जास्त जोर लाव म्हणावं."

तार गप्पच राहिली.

भिवसेन गाडी घेऊन गॅरेजवाल्या हसनचाचांकडे गेला. त्यांची एक सवय होती. काहीही खोलण्याआधी ते स्टेअरिंग फिरवायला लावत आणि एकेका तारेला हात लावून बघत. अर्थिंगच्या तारेवर त्यांचा हात थांबला.

"ही तापलीय. तारा परत जोडताना हिचा नट ढिला ठेवलास तू. मोटरला वीजच पुरत नाही, ती काय करणार?"

नट आवळताच स्टेअरिंग एका बोटानं फिरलं.

"तू बोलली का नाहीस?" मोटरनं विचारलं.

"मला वाटलं, अजून थोडं घट्ट धरलं तर जमेल," तार म्हणाली.

पुढच्या दसऱ्याला भिवसेननं हाराआधी पाना घेतला. तो नट आवळून पाहिला, आणि पहिलं कुंकू त्यालाच लावलं.