भिंगरीचा टवका

एक होती गोगलगाय. तिचं नाव भिंगरी.

पाठीवर गोल गोल शंख, म्हणून शालूनं नाव ठेवलं भिंगरी. चाल मात्र कशी? सुळुक... सुळुक... सुळुक. नाव भिंगरी आणि चालते मुंगीच्याही मागे!

लोक म्हणतात, गोगलगाय अन् पोटात पाय. खरंच आहे हं. भिंगरीचं पोट हाच तिचा पाय. एकच पाय. त्याला ना चप्पल, ना बूट.

भिंगरी राहायची शालूच्या घरी, एका डब्यात. डब्यात ओली माती. झाकणाला भोकं. शालू रोज पाणी फवारायची, फुस् फुस्. रोज काकडीची फोड द्यायची. मीठ लावलेली नाही हं, अगदी साधी! आणि द्यायची अंड्याचं टरफल. टरफल खाल्लं की शंख होतो टणक.

शालूच्या घरी अंडी खात नाहीत. टरफलं यायची शेजारच्या रोशनबींकडून. धुऊन, पुसून, कागदात बांधून.

एके दिवशी सकाळी काय झालं? डबा शालूच्या हातातून निसटला. टप्प! झाकण इकडे, काकडी तिकडे. आणि भिंगरीच्या शंखाचा उडाला टवका!

शालू रडायला लागली. "आई गो, माझ्यामुळे लागलं हिला!"

आई म्हणाली, "उगी उगी. टरफल खाल्लं की भरेल हो टवका."

पण टरफल कुठलं? रोशनबी गेल्या होत्या बहिणीच्या गावाला. जाताना कोंबडीची टोपली ठेवली शालूच्या पडवीत. कालच अंडी फुटून पिलं बाहेर आली होती. टोपलीत टरफलंच टरफलं! आईनं हात घातला. कोंबडीनं मारली चोच. टोच्!

"अगो बाय गो!" म्हणून आईनं हात मागे घेतला.

बालवाडीची वेळ झाली. शालू डोळे पुसत पुसत गेली. डब्याचं झाकण लावायचं राहूनच गेलं.

इकडे भिंगरीच्या शंखात वारा शिरला. सूऽऽ! अंग सुकायला लागलं. भिंगरी घाबरली. मग म्हणाली, "घाबरून काय होणार? आपणच जावं."

निघाली भिंगरी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

आईच्या भाकऱ्या झाल्या, ताक घुसळून झालं, तेव्हा कुठे ती टोपलीपाशी पोचली.

"कोंबडी कोंबडी, टरफल दे ना.
टवका माझा भरेना!"

कोंबडीनं मान वाकडी केली. "पक् पक् पक्! मी नाही द्यायची. सकाळपासून पोटात दाणा नाही. आधी कण्या आण, मग टरफल देईन."

कण्या म्हणजे तांदळाचे बारीक बारीक तुकडे. त्या कुठे असतात? सुपात!

निघाली भिंगरी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

आईनं केर काढला, भांडी घासली, तेव्हा कुठे ती सुपापाशी पोचली.

"सूपदादा सूपदादा, कण्या दे ना.
कोंबडी टरफल देईना,
टवका माझा भरेना!"

सूप पडवीत निवांत पडलं होतं. पोटावर तांदळाचा ढीग. "खस् खस् खस्! मी नाही द्यायचं. कण्या बसल्यात तांदळाच्या खाली. आधी आईनं पाखडायला हवं, मग कण्या देईन."

निघाली भिंगरी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

शालूचा धाकटा भाऊ उठला, रडला, दूध प्यायला, पुन्हा रडला, पाळण्यात गेला. तेव्हा कुठे भिंगरी आईपाशी पोचली.

"आई आई, तांदूळ पाखड ना.
सूप कण्या देईना,
कोंबडी टरफल देईना,
टवका माझा भरेना!"

आईनं खाली पाहिलं. "अगो बाय! तू गो कशाला बाहेर आलीस? पण माझा हात कुठे मोकळा आहे? पाळण्याची दोरी सोडली की बाळ करतं भोकाड. आधी पाळणा थांबायला हवा, मग तांदूळ पाखडीन."

पाळणा तर उंच. तिथे जायचं कसं? आईच्या हातात दोरी. दोरीचं टोक पाळण्याला.

भिंगरी चढली दोरीवर. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. दोरी पुढे, भिंगरी पुढे. दोरी मागे, भिंगरी मागे. पण पाय काही सुटू दिला नाही. एकच तर होता!

घड्याळात अकरा ठोके पडले, तेव्हा कुठे ती पाळण्यापाशी पोचली.

"पाळण्या पाळण्या, थांब ना.
आई तांदूळ पाखडेना,
सूप कण्या देईना,
कोंबडी टरफल देईना,
टवका माझा भरेना!"

"कर्र कुर्र, कर्र कुर्र! मी नाही थांबायचा. आधी बाळ झोपायला हवं, मग थांबेन."

राहिलं कोण? राहिलं बाळ. लाल लाल तोंड. घट्ट घट्ट मुठी. पाय नुसते झाडतंय, धाड धाड!

भिंगरी पाळण्याच्या काठावर आली.

"बाळा बाळा, झोप ना.
पाळणा काही थांबेना,
आई तांदूळ पाखडेना,
सूप कण्या देईना,
कोंबडी टरफल देईना,
टवका माझा भरेना!"

"ट्यँहँ! ट्यँहँ!"

बाळाला कुठे बोलता येतं? पण भिंगरीला बरोबर कळलं. "मी नाही झोपायचा. आधी गंमत दाखव, मग झोपेन."

आता आली का पंचाईत! गंमत कुठली दाखवायची? भिंगरीला गाता येईना. नाचता येईना. खुळखुळा वाजवायला हात तर हवा! सकाळपासून चालून चालून ती दमली होती. टवक्यातून वारा येत होता, सूऽऽ. भिंगरीला रडूच आलं. डोळे आत. डोकं आत. भिंगरी गेली शंखात.

बाळ गप्प झालं. "आं?"

आत्ता इथे होतं ते गेलं कुठे?

शंख हलला. हळूच आलं एक शिंग. मग दुसरं शिंग. मग खालची दोन इवली शिंगं. बाळानं बोट लावलं. शिंग आत, सुर्रकन! थोड्या वेळानं शिंग बाहेर.

"खि खि!" बाळ हसलं.

भिंगरीनं रडणं गिळलं. आणि निघाली काठाकाठानं.

सुळुक... सुळुक...

बाळाचे डोळे निघाले तिच्यामागे.

सुळुक... सुळुक...

एक दांडा झाला. दुसरा दांडा आला. घाई नाही, गडबड नाही.

सुळुक... सुळुक...

बाळाची मूठ सुटली. बाळाला आली जांभई. हाऽऽ.

सुळुक...

एक पापणी मिटली.

सुळुक...

दुसरी पापणी मिटली.

शूऽऽ! बाळ झोपलं.

बाळ झोपलं, पाळणा थांबला.
पाळणा थांबला, आई उठली.
आईनं तांदूळ पाखडले, फटक फटक, फटक फटक!
सुपानं कण्या दिल्या, भुरु भुरु, भुरु भुरु!
कोंबडी आली धावत. पिलं आली मागोमाग. टिप् टिप् टिप् कण्या टिपल्या.

पोट भरलं, कोंबडीचा राग पळाला. टोपलीत गेली. चोचीत घेतलं टरफल. सगळ्यांत मोठं! आणून ठेवलं आईच्या पायापाशी.

"कोंबडीला कण्या हव्या होत्या होय!" आई म्हणाली. "आणि मी मघाशी उगाच टोच खाल्ली."

भिंगरी कुठे होती? अजून पाळण्याच्या काठावरच! आईनं तिला अलगद उचललं. टरफल धुतलं. दोघांना ठेवलं डब्यात. पाणी फवारलं, फुस् फुस्. झाकण लावलं.

खर्र खर्र, खर्र खर्र! भिंगरी टरफल खायला लागली.

बालवाडी सुटली. शालू धावत आली. दप्तर पाठीलाच. तिनं डब्याला कान लावला.

खर्र खर्र, खर्र खर्र!

"आई गो! भिंगरी जेवतेय!"

"हळू बोल गो, बाळ निजलंय. आणि निजवलं कुणी ठाऊक आहे? तुझ्या भिंगरीनं!"

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. टवका थोडा भरला. रोशनबी परत आल्या. हकिकत ऐकून पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "माझी कोंबडी मला पण टोचते गं, आणि हिला आपणहून टरफल दिलं? वाहवा!" त्यांनी आणखी टरफलं दिली. टवका आणखी भरला.

आणि एका सकाळी शालू पाहते तर काय? भोक गेलं. वारा थांबला. जुना शंख तपकिरी, नवा तुकडा पांढरा.

टवका भिंगरीचा भरला!

शालूनं पांढऱ्या तुकड्यावर बोट फिरवलं. हळूच विचारलं, "माझ्या हातून पडलीस ना गो? खूप दुखलं?"

भिंगरीनं एक शिंग बाहेर काढलं. शालूच्या बोटाला लावलं. आत नाही घेतलं. तिथेच ठेवलं.

शालू इतकी हसली, इतकी हसली की पाळण्यातलं बाळ जागं झालं.

"ट्यँहँ! ट्यँहँ!"

आई म्हणाली, "आता घ्या! शालू, भिंगरीला आण गो पाळण्यापाशी."

आणि निघाली भिंगरी काठाकाठानं.

सुळुक... सुळुक...

सुळुक...