तीन ट्रान्सफॉर्मर, सतरा गाणी

"मग सातास एक घ्यावा, की दहास एक?"

दाऊदभाई पटवेगारांनी वर पाहिले नाही. ते रिळावर तांब्याची तार गुंडाळत होते. मिरजेतल्या त्या खोलीत पन्नास वर्षे ते हेच करत आले होते. रेडिओचे ट्रान्सफॉर्मर, भोंग्यांचे ट्रान्सफॉर्मर, जे येईल ते.

विचारणारे गुर्जर सर समोर बसले होते. कॉलेजात त्यांनी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असे तसल्या काचेच्या नळीचा, माइक बनवला. सगळे झाले होते. राहिला होता फक्त शेवटचा ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्हमधला आवाज बाहेरच्या वायरीवर उतरवणारा.

टेबलावर असे तीन होते, तारेच्या वेढ्यांचे प्रमाण कुणाचे सातास एक, कुणाचे दहास एक. सर एकेकावर बोट ठेवू लागले.

"सातवाला मोठ्यानं बोलतो, पण व्हॉल्व्हवर भार टाकतो. दहावाला निवांत आहे, पण आवाज बारीक. हा तिसरा निकेलच्या गाभ्याचा. याचा खर्ज मात्र..."

"खर्जाचं काय?"

"किंचित फाटतो. आलेखात दिसतं." सरांनी कागद उलगडले. एकूण एकेचाळीस होते.

दाऊदभाईंनी ते शांतपणे पाहिले.

"सुरेख काढलेत. आवाज कुणाचा?"

"यंत्राचा. शुद्ध स्वर. शिवाय मी स्वतः बोलून पाहिलं. एक, दोन, तीन..."

"आणि माइक कुणासाठी?"

सरांनी दाराकडे बोट दाखवले. उंबऱ्याशी त्यांची थोरली बहीण शेंगा सोलत बसली होती. द्वारकाअक्का, वय चौऱ्याऐंशी. डोळे तपासायला म्हणून आज त्यांना मिरजेला आणले होते.

"आमच्या आईनं रचलेली गाणी आहेत. कुठंही लिहिलेली नाहीत. फक्त अक्काला येतात. एकदाच रेकॉर्ड करायची, तर नीट व्हायला हवीत."

"किती आहेत?"

"बावीस."

"सतरा," दारातून आवाज आला.

सर वळले.

"बावीस होती अक्का. तूच म्हणाली होतीस."

"ते दोन वर्षांमागं. तू डबा जुळवत बसलास, तोवर पाच गेली. शेंगा खा, शेंगा तरी ताज्या आहेत."

सरांनी आलेखांची गुंडाळी केली, पुन्हा सोडली.

"म्हणूनच तर चूक परवडणार नाही दाऊदभाई. चुकीचा बसवला आणि गाणी खराब झाली, तर मी कुणाला तोंड दाखवू? आई काही पुन्हा..."

दाऊदभाईंनी तिन्ही ट्रान्सफॉर्मर आपल्या टोपीत टाकले. टोपी हलवली. दुसरीकडे बघत हात घातला आणि एक काढला.

"अहो!"

"इस्त्री तापलीय. बाजूला व्हा." सोल्डरिंग आयर्नला ते इस्त्रीच म्हणत.

चार टाके. माइकच्या पितळी नळीचे झाकण बसले. स्क्रू आवळले गेले. सरांच्या पिशवीतला रेकॉर्डर दाऊदभाईंनी स्वतःच जोडला आणि माइक अक्कांसमोर स्टुलावर ठेवला.

"म्हणा अक्का."

"कुठलं म्हणू?"

"आता जे जाईल असं वाटतं, ते."

अक्कांनी पदराला हात पुसले. ओठ हलले, थांबले.

मग शब्द आले.

गाणे मोरावळ्याच्या बरणीवर होते. आईने ती कुठे कुठे लपवली आणि पोरांनी ती कशी शोधली, त्याचे. दुसऱ्या कडव्यात अक्का अडल्या, मागे गेल्या, पुन्हा आल्या. शेवटच्या कडव्यात चोर सापडला. त्याचे नाव शिरू होते.

"हे माझ्यावर आहे?" गुर्जर सर म्हणाले.

"मग काय माझ्यावर? मी कधी सापडले नाही."

सर मोठ्याने हसले. रेकॉर्डरचा काटा कुठवर गेला, हे त्यांनी पाहिलेच नव्हते. हे ध्यानात येताच ते चपापले आणि त्यांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला.

"कोणता बसवलात? उघडून एकदा गाभा तरी बघू द्या."

दाऊदभाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलून आपल्या खिशात ठेवला. उंबऱ्याशी अक्का मान हलवत, मनाशीच पुढचे काहीतरी जुळवत होत्या.

"अक्कांचा गळा आत्ता कुठं तापलाय सर. चहा सांगा."