धोंडाईने घंटा मोजली

फार वर्षांपूर्वी, मीठ अजून बैलांच्या पाठीवरून घाट चढत होतं, तेव्हाची ही गोष्ट. निंबखेडला एक मोठी पाठशाळा होती. तिथे गणित शिकवायचे, ताऱ्यांची चाल शिकवायचे. तिथून शिकून बाहेर पडलेल्याचा शब्द दरबारात चालायचा. पाट कुठून काढायचा, विहीर कुठे खणायची, हे तीच माणसं ठरवायची. आणि पाट बहुतेक वेळा त्यांच्याच गावांकडे वळायचा.

पाठशाळेच्या मनोऱ्यावर पंचधातूची घंटा होती. ती रोज सकाळी एकदा वाजायची. वर्षातून एक दिवस मात्र ती दिवसभर वाजत राहायची. तो परीक्षेचा दिवस. तो कधी यायचा हे आधी कोणालाच कळायचं नाही. घंटा ऐकून जो सूर्य मावळायच्या आत पोचेल त्याने परीक्षा द्यावी, आणि वरच्या साठांनी आत यावं. जात विचारायची नाही, बापाचं नाव विचारायचं नाही. "घंटा सगळ्यांसाठी वाजते," असं मुख्य गुरू त्र्यंबकशास्त्री म्हणायचे, आणि अगदी मनापासून म्हणायचे.

पाठशाळेला मीठ पुरवायची ती धोंडाई. तिचं आईबापांनी ठेवलेलं नाव आज कोणालाच ठाऊक नाही. तिचे बारा बैल होते आणि एक खोड होती, दिसेल त्याला प्रश्न विचारायची. कोठीत गोणी उतरवताना ती एकेका विद्यार्थ्याला विचारायची, "कुठला रं तू?" वर्षं गेली, विद्यार्थी बदलले, पण गावं तीच सहा. आणि तिचे बैल तर साठ गावांतून फिरत होते.

एकदा तिने विचारलंच, "शास्त्रीबुवा, बाकीच्या गावची पोरं का येत न्हाईत?"

"त्यांना विद्येची ओढ नाही, बाई."

धोंडाई भांडली नाही. पण लुगड्यात कुसळ अडकावं तसं ते उत्तर तिला टोचत राहिलं. खरं काय ते तिला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मनोऱ्याखाली उभी राहिली. टोला पडला आणि ती निघाली. असं म्हणतात, नाद पुढे आणि धोंडाई मागे. नाद दमून जिथे खाली बसला, तिथे तिने एक धोंडा ठेवला. रोज एक दिशा, रोज एक धोंडा. नदीच्या अंगाने नाद तीन कोस गेला. पूर्वेला टेकडी आडवी होती, तिथे तो अर्ध्या कोसातच बसला. लोक हसले, आणि तेव्हापासूनच तिला धोंडाई म्हणू लागले. चाळीस धोंडे झाल्यावर ती टेकडीवर चढली आणि खाली बघितलं. धोंड्यांच्या आत मोजून सहा गावं होती.

शास्त्रीबुवांना ते पटेना. "मग चला की माझ्यासंगं," ती म्हणाली. सत्तरीचे शास्त्रीबुवा निघाले, तेही परीक्षेच्या दिवशी, घंटा वाजवायची आज्ञा स्वतः देऊन. शेवटचा धोंडा मागे पडला, टेकडी ओलांडली. त्यांनी कानामागे हात धरला. नुसता वारा होता.

तिथे माळावर सुबाई नावाची एक धनगराची लेक मेंढरं राखत होती. जमिनीत काठी रोवून ती सावली बघत होती. शास्त्रीबुवांनी त्या वर्षीचा परीक्षेचा प्रश्न तिलाच घातला, "वर न चढता त्या बाभळीची उंची सांगशील?"

सुबाईने काठीची सावली मोजली, बाभळीची सावली पावलांनी मोजली आणि शास्त्रीबुवा धोतर सावरून बसायच्या आत उत्तर दिलं.

"अगं, मग आज परीक्षेला का आली नाहीस? सकाळपासून घंटा वाजतेय!"

सुबाईने वर बघितलं. "कसली घंटा?"

असं म्हणतात, शास्त्रीबुवा दिवस कलेपर्यंत त्या माळावर बसून होते. परत आले ते एवढंच बोलले, "घंटा खाली उतरवा. परीक्षा महिन्याने."

घंटा गावोगाव फिरवायची ठरली, पण सहा गावांतून कोणी गाडी देईना. धोंडाईने ती बैलावर लादली, तर बैल खाली बसला. मग तिने ती स्वतःच्या पाठीवर घेतली. असं म्हणतात, एकेका गावात घंटा वाजली की ती थोडी हलकी व्हायची. शेवटच्या वाडीवर तर धोंडाई ती कळशीसारखी कमरेवर घेऊन चालत आली.

त्या वर्षी पाठशाळेचं अंगण पुरलं नाही. साठातल्या एकतीस जागा धोंड्यांपलीकडच्यांना मिळाल्या. सुबाई त्यांतली एक. पाठशाळेची पायरी चढलेली ती पहिली मुलगी.

सहा गावांत मात्र संतापाची आग लागली. एक आई धोंडाईच्या वाटेत आडवी उभी राहिली. "तुझ्यापायी माझ्या लेकाची जागा गेली."

धोंडाईने बैल थांबवले. "गेली खरी, माय. त्याचं वाईट मलाबी वाटतं. पर पुढल्या साली त्याला घंटा पुन्हा ऐकू येईल. माळावरच्यांच्या आज्या-पणज्यांना ती एकदाबी ऐकू आली न्हवती."

ती बाई पुढे जन्मात धोंडाईशी बोलली नाही, हेही सांगतात.

बारा वर्षांनी टेकडीपल्याड पहिला पाट गेला. तो सुबाईने आखला होता. शास्त्रीबुवांनी धोंडाईलाही म्हटलं होतं, "बाई, तूही शीक." ती हसली. "मला एवढंच बघायचं हुतं, नाद कुठं सरतो ते." मग एका सकाळी टोला पडल्यावर ती त्याच्या मागे निघाली आणि परत आलीच नाही. असं म्हणतात, नाद अजून बसला नाही, म्हणून तीही थांबली नाही.

निंबखेडला पाठशाळेच्या जागी आता कॉलेज आहे. प्रवेश सुरू व्हायच्या आधी तिथले लोक घंटा टेम्पोत घालून सगळ्यात लांबच्या वाडीवर नेतात, आणि पहिला टोला तिथे पडतो. यादी लागते त्या दिवशी निवडलेल्यांच्या आधी, ज्या गावांतून यंदा कोणीच आलं नाही त्या गावांची नावं मोठ्याने वाचतात. एकेका नावानंतर वाचणारा थांबतो. गर्दीतून कोणीतरी उठून "मी जाऊन बघते" म्हणेपर्यंत पुढचं नाव घेत नाही.