उकिरड्यावरची वाकळ

फार पूर्वी, कोंबड्यांचं बोलणं माणसांना कळत असे तेव्हाची गोष्ट. हौसाक्का नावाच्या म्हातारीकडे कवडी नावाची कोंबडी होती. कवडीचं वय झालं होतं, ती अंडी देईनाशी झाली होती.

"उद्या तुला बाजारात नेते बाई," हौसाक्का म्हणाली. त्या रात्री कवडीचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेवटचं म्हणून उकिरडा उकरायला गेली. सणाच्या आवराआवरीत हौसाक्काने सासूची फाटकी वाकळ तिथे टाकली होती. तिच्या शिवणीत कवडीच्या नखांना काळ्याकुट्ट चकत्या लागल्या.

"गंजलेलं लोखंड ते! किडे शोध," कोंबडा म्हणाला.

तेवढ्यात एक चकती दगडावर पडून खणखणली. लोखंड असं वाजत नाही, हे कवडीला ठाऊक होतं. चकती चोचीत धरून ती दाराशी धावली. हौसाक्का टोपली घेऊन निघालीच होती.

"आक्का, हे तुझ्या वाकळीत शिवलेलं होतं."

हौसाक्काने चकती राखेने घासली. काळ्याखालून पांढरी चांदी लखलखली.

"अगंबाई, सासूबाईंचे रुपये!"

तिने धावत जाऊन वाकळ उचलली, छातीशी धरली आणि उंबऱ्यावर बसली. मग तिने कवडीच्या पाठीवरून हात फिरवला.

"जुनं झालं म्हणून मी काय काय टाकायला निघाले होते गं!"

टोपली तिने खुंटीला अडकवली. कवडी अंगणातल्या उन्हात बसली आणि कालपासून पहिल्यांदाच तिने निवांत डोळे मिटले.